चौथ्या जहाजासाठी केलेली सही

लिहून ठेवणार : मृत्युंजय संगप्पा नळगिरे, वय ६४ वर्षे, धंदा पूर्वी समुद्रावरील प्रवासी जहाजांवर धुलाईघराचा मुख्य, सध्या काही नाही, राहणार देगलूर रोड, उदगीर, जिल्हा लातूर.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत. सत्तावीस वर्षे चादरी-टॉवेलांचा भुसा श्वासाबरोबर आत गेला, तो आता बाहेर यायला मागतो आहे. नांदेडच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात मी शुद्धीवर असून मला सर्व समजते असे लिहिले आहे. या लिखाणासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी भूल घातलेली नाही. धाकाने आणि भुलीने केलेली सही कशी असते ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे लिहिणार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी पत्नी शिवकन्या २०११ साली वारली. तेव्हा मी समुद्रावर होतो आणि अकराव्या दिवशी घरी पोचलो. तिचे दागिने आणि बँकेतील माझ्या ठेवी माझी एकुलती एक मुलगी सौ. वर्षाराणी, राहणार नांदेड, हिला मिळाव्यात. तिचे औषधांचे दुकान चांगले चालते, तिला याची गरज नाही हे मी जाणतो. तरी घ्यावे. आईचे आहे म्हणून घ्यावे.

कलम २. माझी वाफेची इस्त्री, दोन मोठ्या कात्र्या आणि डाग काढण्याच्या औषधांची लाकडी पेटी रामकिशन गणपत, राहणार कंधार, यास मी आधीच देऊन टाकली आहे, ती वाटपात धरू नये. रामकिशन माझ्या हाताखाली बारा वर्षे होता. आता कंधारच्या बसस्थानकाजवळ त्याचे इस्त्रीचे दुकान आहे. रक्ताचा डाग गार पाण्यात जातो, गरम पाण्यात बसतो, हे एकदा सांगून त्याच्या लक्षात राहिले. बाकीच्यांना दहादा सांगावे लागे.

कलम ३. माझ्या गणवेशाचे चार जोड आहेत. ते फाडून फरशी पुसायला घ्यावेत. कंपनीने पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल दिलेले पितळी घड्याळ भंगारवाल्याला द्यावे. नातवंडांनी मागितले तरी देऊ नये.

कलम ४. लातूरचा माणिकप्पा हा पोरांना जहाजावरच्या नोकरीसाठी तयार करण्याचा वर्ग चालवतो. त्याच्या वर्गात माझा गणवेशातला मोठा फोटो आहे. खाली लिहिले आहे, "उदगीर ते अटलांटिक". तो फोटो माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत उतरवावा. न उतरवल्यास वर्षाराणीने वकिलामार्फत नोटीस द्यावी. माणिकप्पाने माझ्या मातीला येऊ नये. आलाच तर त्याला पाणी विचारावे आणि परत पाठवावे.

याला कारण आहे. उदगीर, जळकोट, कंधार या भागातली त्रेचाळीस पोरे आम्ही दोघांनी मिळून जहाजावर चढवली. गोळा त्याने केली. "मी ओळखतो, चांगला मुलगा आहे" असे कंपनीला मी लिहून दिले. त्यातला एक माझ्या थोरल्या भावाचा, वीरभद्रचा, एकुलता मुलगा रामलिंग होता. वीरभद्र आणि कस्तुराबाई वहिनी जळकोटला राहत. रामलिंगला मी २०१५ साली चोवीस वर्षांचा असताना नेला.

कलम ५. आता रामलिंगबद्दल. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. लिहू नका असे वकिलांनी बजावले आहे. त्यांच्या तीन जहाजांना आम्ही मराठवाड्याची पोरे थोरली, मधली आणि धाकटी म्हणत असू. धाकटी सर्वांत मोठी होती. पाच हजार प्रवासी मावत. ती मधलीच्याच नकाशावर बांधली होती, फक्त लांबी वाढवली होती. लांबी वाढवून जी जागा झाली ती सगळी प्रवाशांच्या खोल्यांना गेली. आमच्या धुलाईघराजवळ नकाशात मळके कपडे ठेवायचे कोठार होते, ते काढून तिथे दुसरेच काही आले. पुढे मधलीवरही तेच केले. मग चादरींनी भरलेल्या जाळीच्या ट्रॉल्या कुठे ठेवायच्या? मागच्या दारापलीकडच्या बोळात. ते दार आग लागली तर पळून जाण्यासाठी होते.

मी याबद्दल कंपनीला दोन पत्रे लिहिली. पहिले मार्च २०१६ मध्ये, दुसरे ऑगस्टमध्ये. दोन्हींच्या प्रती माझ्याकडे आहेत. उत्तर आले की विचार चालू आहे. तोपर्यंत ट्रॉल्या बोळातच ठेवायच्या, असे मला वरून सांगणे होते. तेच मी खाली सांगत होतो.

रामलिंग कामाला चोख होता. बोलका होता. त्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी आणत होते. तो धुलाईयंत्रांचे मीटर बघून मला म्हणाला, "काका, इथं एका दिवसात जितकं पाणी जाऊन राहिलं ना, तितकं घेऊन जळकोटला गेलो तर मला गावचा राजा करतील." मी त्याला म्हणालो, मीटर बघू नकोस, घड्या बघ.

१५ जानेवारी २०१७, रविवार. बंदरावर जुने प्रवासी उतरत होते, नवे चढायचे होते. त्या दिवशी धुलाईघराला उसंत नसते. दुपारचा एक वाजला होता. मागच्या रांगेतले वाळवणीचे यंत्र नीट लक्ष देणाऱ्याकडे असावे म्हणून मी रामलिंगला तिथे उभे केले आणि हिशेबाच्या तक्त्यावर सही घ्यायला वर गेलो. यंत्राच्या धुराड्यात, जिथे आमचा हात पोचत नाही अशा ठिकाणी, साठलेल्या भुशाने पेट घेतला. पुढच्या रांगेतले सगळे पुढच्या दाराने निघाले. रामलिंग आगीच्या पलीकडे राहिला. तो मागच्या दाराकडे गेला. दार उघडले. पलीकडे ट्रॉल्या छताला भिडलेल्या होत्या.

रामकिशनने पलीकडून ट्रॉल्या ओढायला सुरुवात केली होती. त्याने अकरा ओढल्या. बाराव्या ट्रॉलीमागे रामलिंग होता. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. धूर पुरला.

त्याला हैदराबादला विमानाने आणि तिथून बिदरवरून गाडीने आणले. पेटी झाळून बंद केलेली होती, उघडायची परवानगी नव्हती. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, हातात त्याचे इष्टलिंग देतात. पेटीतल्या माणसाला बसवता येत नाही. त्याच्या गळ्यातले लिंग कंपनीने वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, नंबर घालून पाठवले होते. स्वामींनी ते पेटीवर ठेवायला सांगितले. वहिनी एकच विचारत होत्या, "त्याचं तोंड कोणत्या अंगाला हाय, तेवढं तरी सांगा." ते कोणालाच माहीत नव्हते.

कलम ६. सहीबद्दल. मार्च २०१७ मध्ये मला धाकटीवरच्या वरच्या मजल्यावर, जिथे आमच्यासारख्यांना कधी बोलावत नाहीत, अशा खोलीत बोलावले. टेबलावर काचेच्या पेटीत हातभर लांबीचे जहाज, नव्या जहाजाचा नमुना, ठेवलेले होते. कंपनी तेव्हा गोदीला चौथे मोठे जहाज बांधायला सांगायचे की नाही, हे ठरवत होती. मुख्य कचेरीतून नव्या जहाजांचे काम बघणारे साहेब आले होते. आवाज मऊ, मला बसायला खुर्ची दिली. बोलणे इंग्रजीत झाले. जसे आठवते तसे लिहितो.

"मिस्टर नळगिरे, तुमच्या पुतण्याचे फार वाईट झाले," ते म्हणाले.

मी काचेतल्या जहाजाकडे बघत होतो.

"गोदीने आपली जागा या महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. ऑर्डर गेली नाही तर ती जागा दुसऱ्या कंपनीला जाईल. पुढची जागा पाच वर्षांनी. संचालकांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. अपघाताची फाईल त्याआधी बंद व्हावी लागेल."

"बंद करा की मग," मी म्हणालो.

"कशी बंद करायची ते तुमच्यावर आहे. जहाजाच्या रचनेत दोष होता असे निघाले, तर मधली आणि धाकटी दोन्ही जहाजे थांबवून बोळ मोकळा करावा लागेल. मग चौथ्याचा विषयच संपला. कामगाराची चूक निघाली, तर फाईल बंद होते."

त्यांनी कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिले होते की रामलिंग नळगिरे याने यंत्राची जाळी साफ केली नव्हती, आणि मागच्या बोळात ट्रॉल्या त्याने आपल्या सोयीसाठी, वरिष्ठांना न विचारता लावल्या होत्या. खाली धुलाईघराच्या मुख्याची सही हवी होती.

"मी पत्रे लिहिली होती," मी म्हणालो.

"ती आम्हाला सापडत नाहीत," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "थोरलीवर तुमच्या भागातले किती जण आहेत? चाळीस?"

"अडतीस."

"थोरली जुनी झाली. भंगारात जाणारच. चौथे जहाज आले तर ते अडतीस जण तिकडे येतील, माझा शब्द. नाही आले तर ते घरी जातील. आणि तुम्ही, मिस्टर नळगिरे, तुम्ही चौथ्या जहाजाचे मुख्य."

मी अडतीस घरांचा विचार केला, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. ते खरे आहे. सही केली नसती तर ट्रॉल्यांचा दोष माझ्यावर येऊ शकला असता, कारण त्या ठेवायला मीच सांगत होतो, हेही खरे आहे. आणि चौथ्या जहाजाचा मुख्य व्हायला मला आवडणार होते, हे तिसरे. मेलेल्याला नोकरी लागत नाही, असे काहीतरी मनाशी म्हणून मी सही केली. साहेबांनी आपले पेन मला दिले होते, ते परत मागून घेतले.

महिनाअखेरीला ऑर्डर गेली. त्या संध्याकाळी साऱ्या जहाजांवर कामगारांना केक वाटला. मी खाल्ला.

कंपनीने जळकोटला पत्र पाठवले. त्यात चूक मुलाची असली तरी माणुसकी म्हणून मदत करीत आहोत, असा मजकूर होता. माणिकप्पाने ते पत्र चावडीत मराठीत वाचून दाखवले. नव्या पोरांच्या आईबापांना धीर यावा म्हणून तो पुढे गावोगाव सांगत राहिला, "नियम पाळला तर जहाजावर काही होत नाही. त्या पोराने हलगर्जी केली." माझा भाऊ वीरभद्र त्यानंतर मठात मागच्या रांगेत बसू लागला.

मी रजेवर आलो की वहिनी पुढ्यात ताट ठेवून म्हणायच्या, "पोरानं तुमची मान खाली घातली भावजी. तुमी इतक्या भरवशानं कामाला लावलं अन् त्यानं असं केलं. माफ करा." मी म्हणायचो, असू द्या वहिनी. आठ वर्षे मी हेच म्हणत आलो.

कलम ७. २०२० मध्ये जहाजे बंद पडली. थोरली भंगाराच्या किनाऱ्यावर नेली. अडतीस जणांना मोबाइलवर निरोप आला, करार संपला. चौथे जहाज २०२१ च्या हिवाळ्यात पाण्यात आले, तेव्हा त्यातल्या अकरांना बोलावणे आले. रामकिशन आगीनंतर थोरलीवर गेला होता, त्याला आले नाही. ज्या साहेबांनी शब्द दिला होता, ते दुसऱ्या कंपनीत गेले होते.

मला मात्र बोलावले. पहिल्या दिवशी मी खाली धुलाईघरात गेलो. सगळे नवे, यंत्रांवरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. मी मागच्या बाजूला गेलो. तिथे दार होते. दुप्पट रुंद. पलीकडचा बोळ मोकळा, जमिनीवर लाल पट्टे आखलेले, भिंतीवर पाच भाषांत लिहिलेले की येथे काहीही ठेवू नये. डाव्या हाताला तिसरे दार. मळक्या कपड्यांचे कोठार वेगळे. धुराड्याला माणूस आत शिरून साफ करू शकेल अशी झडप.

मी दोन पत्रांत जे जे मागितले होते, ते सगळे होते. माझीच वाक्ये लोखंडात करून ठेवली होती. म्हणजे पत्रे सापडली होती. ज्या टेबलावर मी पुतण्याविरुद्ध सही केली, त्याच टेबलावरच्या काचेतल्या जहाजात ते दार तेव्हाच असणार.

मी ते दार उघडले आणि लावले. किती वेळा, ते आठवत नाही. एक फिलिपिनो मुलगी येऊन विचारू लागली, दार अडकते आहे का? मी म्हणालो, नाही, चांगले चालते.

तो करार पुरा करून मी घरी आलो. वीरभद्र २०२३ मध्ये गेला. शेवटचे दहा दिवस मी त्याच्या उशाशी होतो. सांगितले नाही.

कलम ८. यंदाच्या जुलैत वर्षाराणीने मला फोनवर बातमी दाखवली. कंपनी आता पाचवे जहाज बांधायला सांगायचे की नाही यावर विचार करीत होती, चौथ्याहूनही मोठे. लातूरला माणिकप्पाने आठवड्यात फलक लावला, महाजहाजासाठी भरती. मी मुलीला प्रथमच सगळे सांगितले, आणि हे सर्व मृत्युपत्रात लिहून ठेवतो म्हणालो.

ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही गेल्यावर कागद निघून काय उपयोग? मधली आणि धाकटी आजही चालू आहेत ना? तो बोळ तसाच आहे ना?"

मी म्हणालो, आहे. गेल्या वर्षी उतरलेल्या पोरांना मी विचारले होते. ट्रॉल्या तिथेच ठेवतात.

"मग आत्ता लिहा."

ऑगस्टमध्ये मी कंपनीला, विमावाल्यांना आणि ज्या देशाचा झेंडा जहाजावर लागतो त्या देशाच्या सागरी खात्याला सगळे लिहिले. जुन्या पत्रांच्या प्रती जोडल्या. चौथ्या जहाजावरच्या दाराचे वर्णन केले. माझी सही खोटी होती असे लिहिले. सागरी खात्याचे आणि विमावाल्यांचे उत्तर अजून नाही. कंपनीचे सप्टेंबरात आले. सुरक्षेबद्दलच्या माझ्या आस्थेसाठी आभार मानले होते. पुढे लिहिले होते की सदर प्रकरण २०१७ साली धुलाईघराच्या मुख्याच्या स्वतःच्या सहीच्या जबाबावरून बंद झाले असून ते पुन्हा उघडण्याचे कारण दिसत नाही.

ऑक्टोबरात पाचव्या जहाजाची ऑर्डर गेली.

म्हणून वर्षाराणीवर हा भार ठेवतो. दर वर्षी जानेवारीत हीच कागदपत्रे त्या तिन्ही ठिकाणी पुन्हा पाठवावीत. उत्तर येणार नाही. पाठवावीत. तसेच माणिकप्पाच्या वर्गात जाणाऱ्या प्रत्येक पोराला, तो विचारायला आला तर, मधलीवर आणि धाकटीवर धुलाईघरात काम घेऊ नकोस असे स्पष्ट सांगावे.

कलम ९. घर आणि जमिनीबद्दल. उदगीरचे राहते घर माझ्या कष्टाचे आहे. जळकोट शिवारातील तीन एकर माझ्या वाटणीला आलेली आहे. पहिल्या मसुद्यात ही दोन्ही कस्तुराबाई वहिनींच्या नावे लिहिली होती. तसेच, मला बसवून न पुरता रामलिंगप्रमाणे आडवे पुरावे, असे एक कलम घातले होते. ही दोन्ही आता काढली आहेत. ती कशी निघाली ते लिहितो.

४ नोव्हेंबरला सकाळी मी रामकिशनला बरोबर घेऊन जळकोटला गेलो. वहिनी अंगणात उडीद निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितले. मला दम लागत होता, तिथे रामकिशन सांगत होता. वहिनींचे हात सुपात चालू होते. मग त्यांनी विचारले,

"त्याला दार सापडलं हुतं?"

"हाव वहिनी. दार उघडलं होतं त्यानं. पल्याड ट्रॉल्या होत्या."

"त्या कुणी ठिवल्या?"

"मी ठेवायला लावल्या."

"अन् कागदावर?"

"त्यानं ठेवल्या म्हणून सही केली."

त्यांनी सूप बाजूला ठेवले. "हे गेले तवा तुमी उशापाशी हुता," त्या म्हणाल्या. "त्यांच्या कानात तरी सांगायचं हुतं. पोराच्या नावानं खाली मान घालून गेले ते."

मी खाली बसलो.

"आठ वर्सं मी तुमची माफी मागून राहिले," त्या म्हणाल्या. "तुमी ती घेऊन राहिले."

मी घराचे आणि जमिनीचे सांगितले. त्यांनी हाताने थांबवले. "घर न्हाई पायजे. रान न्हाई पायजे. काय लिहिलं ते वाचून दावा."

मी वाचले. पुरण्याच्या कलमापाशी त्या म्हणाल्या, "ते काढा. त्याची बरोबरी करू नका." मी काढतो म्हणालो. मग त्यांनी विचारले, "याच्यावर सह्या कुणाच्या लागत्यात?"

"माझी आणि दोन साक्षीदारांची. एक रामकिशन आहे."

"दुसरी माझी घ्या."

मी म्हणालो, "वहिनी, ज्याला द्यायचं त्यानं साक्षीला बसू नये, पुढं भांडण होतं, असं वकील म्हणतात."

"म्हणूनच म्हणून राहिले. देण्यातून माझं नाव काढा अन् साक्षीत घाला."

त्याप्रमाणे केले आहे. घर आणि तीन एकर जमीन वर्षाराणीस मिळावी. माझी माती आमच्या रिवाजाप्रमाणे करावी, कमी नाही, जास्त नाही. वहिनींनी मला क्षमा केलेली नाही, आणि या कागदाचा कोणी तसा अर्थ लावू नये.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वर्षाराणीने करावी. यातील कलम ५ ते ८ हा माझा जबाब समजावा, आणि मार्च २०१७ मध्ये मी केलेली सही त्या दिवसापासून रद्द समजावी. कायद्याने ती रद्द होत नाही असे वकील म्हणतात. तरी मी तसे लिहून ठेवतो. हे सर्व मला वाचून दाखवले, मीही स्वतः वाचले, आणि खाली माझ्याच पेनाने सही करीत आहे.

ठिकाण : उदगीर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार
(सही) मृत्युंजय संगप्पा नळगिरे

मसुदा करणार : ॲड. उमाशंकर, उदगीर

साक्षीदार. लिहून ठेवणार यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

१. (सही) रामकिशन गणपत, वय ४६, धंदा इस्त्री, राहणार कंधार, जिल्हा नांदेड.

२. (सही) कस्तुराबाई, वय ६७, धंदा शेती, राहणार जळकोट, जिल्हा लातूर. येथे प्रथम "कै. वीरभद्र नळगिरे यांची पत्नी" असे टाइप केले होते. साक्षीदाराच्या सांगण्यावरून ते खोडून "रामलिंगची आई" असे लिहिले. खाडाखोड मान्य.